जोडखांबाचे बळ

लोखंडाची सळई दोन्ही टोकांना धरून ओढली, तर ती तुटण्यास फार मोठे बळ लागते. सळई लांब आहे की आखूड, याने त्या बळात काही फरक पडत नाही. परंतु तीच सळई उभी करून तिच्या माथ्यावर वजन ठेवू लागले की निराळा अनुभव येतो. सळई आखूड असेल तर ती पुष्कळ भार सोसते. लांब असेल तर थोड्याच भाराने ती बाजूला बाक घेते आणि मग अधिक वजन सहन करीत नाही. द्रव्य तेच, जाडी तीच. केवळ लांबी वाढल्यामुळे बळ घटले. खांबाच्या शास्त्राचा प्रारंभ या साध्या अनुभवापासून होतो.

आपल्या देशात आज गोदामे, कारखान्यांच्या शेड, माल रचण्याच्या उंच मांडण्या, सूर्यप्रकाशावर वीज निर्माण करणाऱ्या पट्टांचे सांगाडे अशा अनेक ठिकाणी पातळ पोलादी पत्रा घडवून केलेले हलके खांब उभे असतात. एका चॅनेलचे बळ पुरत नाही तेथे दोन चॅनेल एकमेकांस जोडून एक खांब करतात. त्या खांबावर येणारा भार बहुधा नेमका मध्यावर येत नाही. तुळई खांबाच्या एका अंगास बसविलेली असते, कंस बाहेर आलेला असतो, किंवा जोडणीतच थोडा फरक राहिलेला असतो. पातळ पत्रा, दोन भागांची जोडणी आणि मध्यापासून ढळलेला भार ही तीन कारणे एकत्र आली असता खांबाचे किती बळ शिल्लक राहते, हा आजच्या स्थापत्यशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे स्वरूप समजून घेण्यास उच्च गणिताची आवश्यकता नाही. एक पोलादी पट्टी आणि थोडा विचार पुरेसा आहे.

वाकण्याचे गणित

डच शास्त्रज्ञ पीटर व्हान मुशेनब्रुक याने १७२९ मध्ये लाकडी कांबींवरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कांबीची लांबी दुप्पट केली असता ती वाकविणारा भार एक-चतुर्थांश होतो, असे त्यास आढळून आले होते. पुढे १७४४ मध्ये थोर गणिती लिओनार्ड ऑयलर याने हाच नियम निव्वळ गणिताने सिद्ध केला. ऑयलरच्या नियमाचा आशय असा: सरळ व सडपातळ खांब ज्या भाराने बाक घेतो तो भार तीन गोष्टींवर अवलंबून असतो. पहिली, द्रव्याचा ताठपणा. दुसरी, छेदाची ठेवण, म्हणजे द्रव्य मध्यापासून किती दूर पसरलेले आहे. आणि तिसरी, लांबीचा वर्ग. द्रव्याची मजबुती या सूत्रात कोठेच येत नाही, ही त्यातील लक्षणीय गोष्ट होय. साधे पोलाद आणि उच्च बळाचे पोलाद यांचा ताठपणा जवळजवळ सारखाच असतो. म्हणून सडपातळ खांबासाठी महागडे पोलाद वापरले तरी त्याचे वाकण्याविरुद्धचे बळ वाढत नाही.

एक उदाहरण घेऊ. ३०० मिलिमीटर लांब, २५ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड अशी पोलादी पट्टी उभी धरली आहे आणि तिची दोन्ही टोके बिजागरीप्रमाणे फिरण्यास मोकळी आहेत असे समजा. पट्टीचे पोलाद दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन प्रतिबल सोसते. केवळ दबून निकामी होण्यास या पट्टीवर सुमारे ६३७ किलोग्रॅम वजन ठेवावे लागेल. परंतु ऑयलरच्या नियमाने हिशेब केला तर अवघ्या ४.७ किलोग्रॅम वजनाने ती बाक घेते. द्रव्याच्या अंगी असलेल्या बळाचा १३७ वा भागसुद्धा उपयोगी पडला नाही.

दोघांचे बळ

आता अशा दोन पट्ट्या घेऊ. त्या नुसत्या एकमेकींस लागून उभ्या केल्या तर प्रत्येक पट्टी स्वतंत्रपणे वाकते. दोघी मिळून ९.३ किलोग्रॅम सोसतात, म्हणजे एकीच्या दुप्पट. त्याच दोन पट्ट्या पूर्ण लांबीभर अशा चिकटविल्या की एक दुसरीवरून तसूभरही सरकणार नाही, तर त्यांची मिळून २ मिलिमीटर जाडीची एक पट्टी होते आणि ती सुमारे ३७ किलोग्रॅम सोसते. पोलाद दुप्पट झाले, पण बळ आठपट झाले. हा सर्व लाभ सरकणे थांबविल्याचा आहे.

याहून पुढे जाता येते. दोन पट्ट्यांमध्ये २० मिलिमीटरांची पोकळी ठेवून त्यांना ठरावीक अंतरावर आडव्या दुव्यांनी जोडले, तर संपूर्ण खांब म्हणून त्यांचा ताठपणा कितीतरी पटींनी वाढतो. संपूर्ण खांब बाक घेण्याचे भय मग राहत नाही. परंतु भय नाहीसे झाले असे मात्र नाही; ते दुसरीकडे गेले. आता दोन दुव्यांमधील पट्टीचा तुकडा हाच एक लहानसा खांब झाला. दुवे ६० मिलिमीटरांवर असतील तर तो तुकडा मूळ लांबीच्या एक-पंचमांश आहे. म्हणून त्याचे बळ पंचवीसपट, म्हणजे सुमारे ११६ किलोग्रॅम. दोन पट्ट्यांचे मिळून २३३. दुवे ३० मिलिमीटरांवर आणले की हाच आकडा चौपट होऊन ९३० च्या घरात जातो. पोलाद एक ग्रॅमनेही न वाढविता, केवळ त्याची मांडणी बदलून आणि दुवे जवळ आणून, दोन पट्ट्यांचे बळ ९ वरून ९०० वर जाऊन पोचले.

जोडखांबाचे सारे मर्म या हिशेबात आहे. अर्थात हा हिशेब आदर्श स्थितीचा आहे. प्रत्यक्षात दुवेही थोडे लवतात, स्क्रू आपल्या छिद्रात किंचित हलतो, आणि दोन्ही भाग थोडे तरी एकमेकांवरून सरकतात. म्हणून जोडखांब हा संपूर्ण एकजीव खांबापेक्षा दुबळा आणि सुट्या भागांपेक्षा सबळ, असा मधल्या स्थितीत असतो. किती मधल्या, हे ठरविण्याची एक रीत पुष्कळ प्रमाण-संहितांनी स्वीकारली आहे. खांबाची लांबी आणि त्याच्या छेदाचा पसारा यांच्या गुणोत्तरास तनुता-गुणोत्तर म्हणतात. ते जितके मोठे तितका खांब वाकण्यास सोपा. संपूर्ण खांबाचे तनुता-गुणोत्तर आणि दोन दुव्यांमधील एका भागाचे तनुता-गुणोत्तर या दोहोंच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढावयाचे. ते जोडखांबाचे सुधारित गुणोत्तर होय. समजा, संपूर्ण खांबाचे गुणोत्तर ८० आणि दुव्यांमधील भागाचे ४० आहे. सुधारित गुणोत्तर सुमारे ८९ येते, आणि ऑयलरच्या नियमाने खांबाचे बळ एक-पंचमांशाने घटते.

दुव्यांमधील भागाचे गुणोत्तर संपूर्ण खांबाच्या गुणोत्तराच्या निम्म्याहून अधिक असू नये, अशीही मर्यादा अमेरिकी संहितेत घातलेली आहे. तिच्यामागील विचार मनोवेधक आहे. एखादा दुवा ढिला झाला किंवा बसवावयाचाच राहून गेला, तर दोन दुव्यांमधील अंतर दुप्पट होते. तसे झाले तरी तो भाग संपूर्ण खांबाच्या आधी वाकू नये, एवढी सोय या नियमात आधीच करून ठेवली आहे. मनुष्याच्या हातून चूक होणार हे गृहीत धरून केलेला हा नियम आहे.

भार ढळला तर

आतापर्यंत भार नेमका मध्यावर आहे असे आपण मानले. तो ढळला तर काय होते, हे कावडीच्या दृष्टांताने समजेल. दोन माणसांनी खांद्यावर काठी घेऊन मध्ये हंडा अडकविला तर दोघांवर सारखे ओझे येते. हंडा एकाच्या बाजूस सरकला की त्याचे ओझे वाढते आणि दुसऱ्याचे कमी होते. जोडखांबाचे दोन चॅनेल म्हणजे हे दोन भारवाहक होत.

दोन चॅनेलांच्या मध्यांतील अंतर ८० मिलिमीटर आणि खांबावरील भार ४,००० किलोग्रॅम आहे असे धरा. भार मध्यावर असताना प्रत्येकाच्या वाट्यास २,००० येतात. भार २० मिलिमीटर ढळला की जवळचा चॅनेल ३,००० उचलतो आणि दूरचा १,०००. अशा ढळलेल्या भारास उत्केंद्र भार असे म्हणतात. येथवरची गोष्ट तराजूची आहे. खांबाची खरी गोष्ट येथून पुढे सुरू होते.

भार एका बाजूस असल्याने खांब पहिल्या किलोग्रॅमापासूनच किंचित वाकतो. तो वाकल्यामुळे त्याचा मधला भाग भाराच्या रेषेपासून आणखी दूर जातो. दूर गेल्यामुळे वाकविणारा परिणाम वाढतो, आणि तो वाढल्यामुळे खांब आणखी वाकतो. कर्जावर व्याज आणि व्याजावर व्याज चढावे तसा हा प्रकार आहे. भार जर खांबाच्या ऑयलर-भाराच्या चार-नवमांश इतका असेल, तर गणिताने असे दिसते की खांबाच्या मध्यावर मूळची उत्केंद्रता बरोबर दुप्पट होते. वरील उदाहरणात २० मिलिमीटरांचे ४० मिलिमीटर होतात. म्हणजे खांबाच्या मध्यभागी ४,००० किलोग्रॅमांचा सगळा भार एकट्या जवळच्या चॅनेलवर येतो आणि दुसरा चॅनेल रिकामा उभा राहतो! भार याहून वाढला तर दूरचा चॅनेल दाबाऐवजी ताण सोसू लागतो. ज्या खांबाचे दोन भागीदार आपण मोजले होते, त्याचा संसार एकाच भागीदारावर येऊन पडतो.

थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०७ मध्ये उत्केंद्र भाराचा विचार मांडला होता. १८८६ मध्ये एर्टन व पेरी यांनी आणखी एक मुद्दा पुढे आणला: कोणताही खरा खांब संपूर्ण सरळ नसतो, आणि त्याच्या जन्मजात बाकाचा परिणाम उत्केंद्र भारासारखाच होतो. तेव्हा उत्केंद्रता हा अपवाद नसून सर्वसाधारण नियमच म्हटला पाहिजे. भारतीय मानक ८०० च्या २००७ च्या आवृत्तीतील खांबांची बलसूत्रे याच विचारावर उभी आहेत.

ढळलेल्या भाराचा दुसरा परिणाम दुव्यांवर होतो. खांब वाकू लागला की दोन चॅनेल एकमेकांवरून सरकू पाहतात. पत्त्यांची चवड वाकविली असता पाने कडेला पायऱ्यांसारखी सरकतात, तसेच हे आहे. ही ओढ समान बाक घेणाऱ्या खांबात टोकांशी सर्वाधिक असते. म्हणून टोकांजवळचे स्क्रू वा वेल्ड अधिक दाट ठेवण्याचा नियम आहे. खांबावरील भाराच्या २.५ टक्के इतके आडवे बळ जोडणाऱ्या पट्ट्यांनी सोसले पाहिजे, असे भारतीय मानक ८०० सांगते. अडीच टक्के हा आकडा दिसावयास क्षुल्लक वाटतो. त्याची उपेक्षा झाली म्हणजे काय घडते, हे कॅनडातील एका दुर्घटनेने जगास दाखवून दिले.

क्वेबेकचा धडा

सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेक शहराजवळ एक प्रचंड पोलादी पूल विसाव्या शतकाच्या आरंभी उभारला जात होता. मुख्य गाळ्याची लांबी प्रथम १,६०० फूट ठरली होती; १९०० मध्ये ती १,८०० फूट, म्हणजे सुमारे ५४९ मीटर करण्यात आली. गाळा वाढला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा अंदाज त्या मानाने वेळीच सुधारण्यात आला नाही. खालच्या अंगाचे दाब सोसणारे अवयव हे जोडखांबच होते. पुष्कळ पत्रे रिव्हेटांनी एकत्र करून चार जाड उभे पट्ट केलेले, आणि ते चारही एकत्र राहावेत म्हणून अँगलांची तिरपी जाळी बसविलेली, अशी त्यांची रचना होती.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये यांपैकी ए-९-एल या खुणेचा एक अवयव बाक घेत असल्याचे दिसून आले. आठवड्याभरापूर्वी पाऊण इंच असलेला त्याचा बाक २७ ऑगस्टला सव्वादोन इंच भरला. हा बाक पूर्वीपासूनचाच असावा असेही काहींचे म्हणणे पडले आणि वाद सुरू झाला. बांधकामावरील तरुण अभियंता नॉर्मन मॅक्ल्युअर हा सल्लागार अभियंता थिओडोर कूपर यांना भेटण्यासाठी न्यूयॉर्कला गेला. कूपर यांनी पुलावर आणखी भार घालू नये अशी तार केली. परंतु ती क्वेबेकला न करता पूल घडविणाऱ्या कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातील कार्यालयाकडे केली. त्याच दिवशी, २९ ऑगस्टला, सायंकाळी साडेपाचच्या सुमारास पुलाचा दक्षिणेकडील संपूर्ण भाग कोसळला. सुमारे १९,००० टन पोलाद अवघ्या १५ सेकंदांत खाली आले. पुलावर त्या वेळी ८६ कामगार होते. त्यांपैकी ७५ मृत्युमुखी पडले. त्यांत काहनावाके येथील मोहॉक जमातीचे अनेक कसबी लोहारकामगार होते, आणि एका लहानशा वस्तीतील कित्येक घरांचे कर्ते पुरुष एका क्षणात नाहीसे झाले.

चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाने १९०८ मध्ये आपला निर्णय दिला. खालच्या अवयवांची जाळी त्यांच्यावरील भाराच्या मानाने फारच दुबळी होती, असे आयोगास आढळले. जाळीचे रिव्हेट तुटले, चार पट्टांची एकजूट मोडली आणि मग प्रत्येक पट्ट एकाकी झाला. पट्टांमध्ये पोलाद पुष्कळ होते. त्यांना एकत्र ठेवणारे थोडेसे पोलाद अपुरे होते. त्या काळी एवढ्या मोठ्या जोडखांबांवर पुरेसे प्रयोगही झालेले नव्हते. पुढे पुलाचा आराखडा नव्याने केला गेला. १९१६ मध्ये मधला भाग उचलून बसविताना तो नदीत पडला आणि आणखी १३ जणांचे प्राण गेले. अखेर १९१७ मध्ये पूल पुरा झाला. बाहुधारी पद्धतीच्या पुलांत जगातील सर्वांत लांब गाळा आजही याच पुलाचा आहे. याच पद्धतीचा आपल्या कलकत्त्याचा हावडा पूल १९४३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याचा गाळा १,५०० फुटांचा आहे.

पत्र्याची घडी

क्वेबेकचे पट्ट जाडजूड होते. आज आपण ज्या हलक्या खांबांचा विचार करीत आहोत त्यांचा पत्रा बहुधा १ ते ३ मिलिमीटर जाडीचा असतो. पोलाद तापवून न घडविता, सामान्य तपमानातच यंत्राच्या रुळांमधून नेऊन किंवा दाबयंत्रावर वाकवून त्यास चॅनेलचा आकार देतात. म्हणून अशा पोलादास थंड घडणीचे पोलाद म्हणतात. घडीच्या कोपऱ्यांत पोलाद ताणले गेल्याने तेथे त्याचे बळ थोडे वाढतेही. वजन कमी, वाहतूक सोपी आणि उभारणी जलद, हे या खांबांचे गुण आहेत.

परंतु पातळ पत्र्यास स्वतःची एक खोड असते. चॅनेलची पाठ हा एक रुंद, पातळ पट्ट होय. दाब वाढला की संपूर्ण खांब सरळ असतानाच या पाठीवर लाटा उठू लागतात. पाठीची रुंदी जाडीच्या ५० पट असेल तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे २८९ न्यूटन प्रतिबल येईपर्यंत लाटा उठत नाहीत, म्हणजे पोलादाचे नेहमीचे बळ आधी संपते. रुंदी १०० पट झाली की मात्र ७२ न्यूटनांसच लाटा दिसू लागतात. ज्या पट्टाची एक कड मोकळी असते तो तर याहून नऊपट दुबळा. म्हणूनच चॅनेलच्या बाजूंची टोके आतल्या अंगास थोडी वळवून तेथे ओठ काढतात. पितळी तांब्याच्या काठास वळ दिल्याने तो जसा ताठ राहतो, तसेच हे आहे.

लाटा उठल्या म्हणजे सारे संपले असे मात्र नाही. १९३२ मध्ये थिओडोर फॉन कार्मान व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, लाटा उठल्यावर पट्टाचा मधला भाग भार सोडून देतो, पण कडांजवळचा भाग तो उचलून धरतो. पट्टाची काही रुंदीच जणू कामावर राहते. तिला परिणामी रुंदी असे नाव आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात १९३९ पासून जॉर्ज विंटर यांनी थंड घडणीच्या पोलादावर दीर्घकाल प्रयोग केले आणि या कल्पनेस व्यवहारोपयोगी सूत्राचे रूप दिले. त्यांच्या कामावर आधारलेली पहिली अमेरिकी संहिता १९४६ मध्ये निघाली. भारतीय मानक ८०१ प्रथम १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७५ मध्ये सुधारले गेले. विंटर यांच्या सूत्राने १६० मिलिमीटर रुंद व १.६ मिलिमीटर जाड पाठीचा हिशेब केला, तर २५० न्यूटन प्रतिबलास तिची सुमारे ७६ मिलिमीटर रुंदीच कामावर राहते. उरलेली निम्म्याहून अधिक रुंदी नावापुरती असते.

येथे ढळलेल्या भाराशी या लाटांचा विलक्षण संबंध येतो. एकट्या चॅनेलची पाठ लाटा घेऊन दुबळी झाली की त्याच्या छेदाचा कामावर असलेला भाग बदलतो आणि त्या भागाचा मध्य ओठांच्या बाजूस सरकतो. भार आपल्या जागी स्थिर आहे, पण मध्यच त्याच्याखालून निघून गेला! टोके मोकळी असतील तर मध्यावर ठेवलेला भारही अशा रीतीने आपोआप उत्केंद्र होतो. याखेरीज चॅनेलचा छेद एका बाजूस उघडा असल्याने तो वाकता वाकता पीळही घेतो.

दोन चॅनेल जोडण्याचा खरा फायदा येथे दिसून येतो. पाठीस पाठ लावून जोडले तर छेद दोन्ही बाजूंनी सारखा होतो. मध्यावरील भाराखाली एकाचे सरकणे दुसऱ्याच्या सरकण्याने फिटते. तोंडास तोंड लावून जोडले तर पेटीसारखा बंद छेद होतो आणि पिळाविरुद्ध तो फारच ताठ बनतो. २५ मिलिमीटर त्रिज्येची व १ मिलिमीटर जाडीची नळी तिच्याच उभ्या चिरलेल्या रूपापेक्षा पिळास सुमारे १,८७५ पट ताठ असते, यावरून बंद छेदाचे महत्त्व कळेल. मात्र स्क्रूंनी अंतराअंतरावर जोडलेली पेटी अखंड नळीइतकी ताठ होत नाही. आणि भार ढळलेला असला की दोन चॅनेलांतील तोल पुन्हा बिघडतो: जवळच्या चॅनेलवर लाटा आधी उठतात, त्यामुळे त्याचा ताठपणा घटतो, त्यामुळे खांब अधिक वाकतो, आणि त्यामुळे भार त्याच चॅनेलवर आणखी लोटला जातो. पत्र्याच्या लाटा, ओठांसह बाजूंचे मुरडणे, संपूर्ण खांबाचा बाक आणि दोन भागांचे सरकणे हे चार शत्रू येथे एकमेकांस सामील होतात.

प्रयोग आणि नियम

असा संगनमताचा प्रश्न केवळ सूत्रांनी सुटत नाही. म्हणून प्रयोगशाळांत असे खांब मुद्दाम मोडून पाहतात. खांबाच्या दोन्ही टोकांस जाड पट्ट बसवून ते सुरीसारख्या धारेवर टेकवितात. धार मध्यापासून ठरविलेल्या अंतरावर सरकविली की उत्केंद्रता निश्चित होते. खांबाचा जन्मजात बाक आधी मोजून ठेवतात. मग भार हळूहळू वाढवीत खांबाच्या मध्याचे सरकणे, पाठीवरील लाटा आणि दोन्ही अंगांतील विकृती यांची नोंद घेतात. ज्या पत्र्यापासून खांब केला त्याच पत्र्याच्या पट्ट्या ओढून पोलादाचे खरे बळही ठरवितात. या आकड्यांशी संगणकावरील हिशेब ताडून पाहिला आणि तो जुळला, म्हणजे त्या हिशेबाच्या आधारे इतर अनेक आकारांचा विचार करता येतो.

अलीकडच्या काळात परिणामी रुंदीच्या जोडीला आणखी एक पद्धत आली आहे. संपूर्ण छेदाचे लाटांचे, मुरडण्याचे आणि बाकाचे भार संगणकाने काढून त्यांवरून खांबाचे बळ थेट ठरविणे, हे तिचे तत्त्व. शेफर व पेकोझ यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीस २००४ मध्ये उत्तर अमेरिकेच्या संहितेत स्थान मिळाले. जोडखांबांना आणि उत्केंद्र भाराला ती कितपत लावता येते, यावर संशोधन चालू आहे.

व्यवहारात अभियंता एक बेरीज करतो. भाराने खांबाच्या दाबबळाचा किती अंश खर्च केला आणि वाकविणाऱ्या परिणामाने वाकण्याच्या बळाचा किती अंश खर्च केला, हे दोन अंश मिळून एकाहून अधिक होता कामा नयेत. दुसरा अंश मांडताना वाकण्याने वाढणारी उत्केंद्रता हिशेबात घ्यावी लागते. भार ऑयलर-भाराच्या निम्म्यास पोचला की हा अंश दुप्पट धरतात, आणि चार-पंचमांशास पोचला की पाचपट.

करून पाहण्याजोगा प्रयोग

विद्यार्थ्यांना हा विषय वर्गातही पाहता येईल. जाड चित्रकागदाच्या २० सेंटिमीटर लांबीच्या सारख्या पट्ट्या कापून, पाठ ४ सेंटिमीटर व बाजू २ सेंटिमीटर येईल अशा रीतीने त्यांचे चॅनेल घडवावे. एक चॅनेल उभा करून त्यावर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवावा आणि एकेक वही रचीत जावे; पाठीवर लाटा कधी उठतात आणि चॅनेल पीळ घेतो का, ते पाहावे. नंतर दोन चॅनेल पाठीस पाठ लावून केवळ दोन टोकांना चिकटवावे. तिसऱ्या वेळी तेच दर ३ सेंटिमीटरांवर चिकटवावे. शेवटी वह्यांचा गठ्ठा एका बाजूस १ सेंटिमीटर सरकवून हेच प्रयोग पुन्हा करावे. प्रत्येक प्रकारचे तीन तीन नमुने करून सरासरी घ्यावी, कारण कागदाचे दोन खांब कधीही तंतोतंत सारखे नसतात, पोलादाचेही नसतात. आकडे वहीत मांडले म्हणजे जोडणीने बळ किती वाढले आणि ढळण्याने किती घटले, हे प्रत्येकास स्वतःच्या हिशेबाने दिसेल.

लहानशा कारखान्यात चॅनेल जोडणाऱ्या कारागिराच्या हाती नकाशा असतो आणि त्यावर स्क्रूंचे अंतर लिहिलेले असते. दोन चॅनेल तर घट्ट बसलेच आहेत, मग मधले चार स्क्रू वगळले तर काय बिघडले, असे त्यास वाटणे स्वाभाविक आहे. खांब उभा राहतो, रंग दिला जातो, आणि कित्येक वर्षे काहीच घडत नाही. ज्या दिवशी भार वाढतो किंवा ढळतो, त्या दिवशी त्या चार स्क्रूंचा हिशेब पुरा होतो. खांबाचे बळ जसे पोलादात असते तसे ते पोलादाच्या दोन भागांस एकत्र ठेवणाऱ्या दुव्यांतही असते. आणि ते दुवे नकाशाप्रमाणे बसविणारा हात हाही त्या बळाचाच एक भाग असतो.